डोंगरी सायकल : जुळणी आणि स्वारी

सायकल हे वाहन आपल्या इतक्या परिचयाचे आहे, की तिच्यावर अभ्यासपूर्ण असे काही लिहिता येईल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मलाही गेल्या वर्षापर्यंत तसेच वाटत होते. वास्तविक सायकलीशी माझा संबंध जुना. माझ्या मामांचे साताऱ्यात सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. शाळेच्या सुट्टीत रॉकेलच्या ताटलीत छर्रे धुणे आणि ते मोजून पुन्हा जागच्या जागी बसवणे हे काम माझ्याकडे असे. तरीही सायकल म्हणजे दोन चाके, एक चेन आणि अधूनमधून पंक्चर, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. तो करावयास लावला एका अर्धवट सायकलीने, आणि त्यानंतर सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेल्या माझ्या डाव्या मनगटाने. या दोघांकडून जे शिकले ते येथे मांडत आहे.

हकीगत अशी. कॅलिफोर्नियात नोकरीस असलेला माझा चुलत भाऊ दिवाळीस घरी आला, तो एका लांबलचक पिशवीत सायकलीचा सांगाडा, पुढचा चिमटा आणि ब्रेकचा जोड घेऊनच. त्याने तिकडे नवी सायकल घेतली होती. ही २०१४ सालची त्याला नकोशी झाली होती. "तुला डोंगर आवडतात ना? बाकीचं सामान हळूहळू गोळा कर आणि तुझ्या मामांकडून जोडून घे," असे म्हणून त्याने ती पिशवी माझ्या स्वाधीन केली. चाके, गियर, चेन, पायडल, सीट हे सारे मी शिकवण्यांच्या पैशांतून, पुण्यातल्या वापरलेल्या सामानाच्या बाजारातून एकेक करून आणले. त्यात अडीच महिने गेले.

ही सायकल आली कोठून?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथे माउंट टॅमलपाइस हा सुमारे ७८४ मीटर उंचीचा डोंगर आहे. म्हणजे उंचीने आपल्या सह्याद्रीतील किल्ल्यांपुढे धाकटाच. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण १९३०-४० च्या काळातील जाड टायरच्या जुन्या, जड सायकली भंगारातून मिळवून डोंगरातील कच्च्या वाटांवरून खाली सोडू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स या गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार होता. ब्रेक एकच, पायडल उलटे दाबून मागच्या हबमध्ये लागणारा. तळाला पोहोचेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन निघून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत 'रिपॅक', म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. आपल्याकडे घाटाला 'पसरणी' अशी गावावरून नावे पडतात. तेथे एका वाटेला ग्रीसवरून नाव पडले.

भंगारातल्या सायकली मोडू लागल्या तेव्हा जो ब्रीझ या तरुणाने १९७७ साली या कामासाठीच म्हणून नवा सांगाडा बांधला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेले सांगाडे विकण्यास आरंभ केला, आणि १९८१ पासून कारखान्यात तयार झालेल्या डोंगरी सायकली दुकानांतून मिळू लागल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भंगारातून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास अवघ्या वीस वर्षांचा आहे.

या आरंभीच्या सायकलींना सस्पेन्शन, म्हणजे हिसके पचवणारी व्यवस्था, नव्हती. जाड टायरमधली हवा एवढाच काय तो आधार. तसे पाहिले तर सायकलीचे पहिले यशस्वी सस्पेन्शन म्हणजे हवेचा टायरच होय, आणि ते डनलॉपने १८८८ मध्येच सायकलीला दिले होते. १९६२ मध्ये इंग्लंडात अलेक्स मोल्टन याने लहान चाकांच्या सायकलीला पुढे-मागे रबराचे सस्पेन्शन बसवून दाखवले. पण डोंगरी सायकलीला हवा आणि तेल यांवर चालणारा पुढचा चिमटा मिळाला तो १९८९-९० च्या सुमारास, पॉल टर्नर याच्या खटपटीने. त्यानंतर मागच्या चाकाची पाळी आली. दोन्ही चाकांना स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी सायकल ती 'फुल सस्पेन्शन'. माझ्या पिशवीत आला होता तो अशाच सायकलीचा सांगाडा.

सांगाड्याची रचना

मामांनी पिशवी उघडली आणि ते बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "अगं, ही सायकल आहे का फटफटी? मागं शॉकअप लावलाय!"

आपल्या नेहमीच्या सायकलीचा सांगाडा एकसंध असतो. हा सांगाडा दोन भागांचा होता. पुढच्या भागावर सीट आणि हँडल. मागच्या भागावर चाक. दोहोंमध्ये बिजागऱ्यांसारखे सांधे, प्रत्येकात बेअरिंग. मागचे चाक वर उचलले गेले की एक लहान दांडा फिरतो आणि मध्ये बसवलेला शॉक दाबला जातो. शॉकमध्ये दोन गोष्टी असतात. एक स्प्रिंग, माझ्या शॉकमध्ये ती पोलादी नसून कोंडलेल्या हवेची आहे. दुसरी डॅम्पर, यात तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि स्प्रिंगची उसळी मंदावते. नुसती स्प्रिंग असेल तर सायकल चेंडूसारखी उडत राहील. नुसता डॅम्पर असेल तर दबलेली सायकल पुन्हा वर येणारच नाही.

येथे एक हिशेब समजून घेणे जरूर आहे. माझ्या सायकलीचे मागचे चाक १३० मिलिमीटर वरखाली होऊ शकते, पण शॉकचा दांडा केवळ ५० मिलिमीटर सरकतो. म्हणजे चाकाचे २.६ मिलिमीटर चालणे हे शॉकचे १ मिलिमीटर. तरफेचा हा नियम आपण शाळेत शिकलो. मात्र त्यामुळे शॉकवर चाकावरच्या भाराच्या सरासरी २.६ पट भार येतो, आणि म्हणून त्यात टायरपेक्षा कितीतरी अधिक दाबाची हवा लागते, हे मला सायकलीने शिकवले.

दुसरी अडचण पायडलची. चाक सैल सोडले की पायडल मारताना अंगाचा भार मागे जातो, शॉक दबतो, आणि पायांची शक्ती रस्त्याऐवजी शॉक दाबण्यात खर्ची पडते. यावर तोड म्हणून सांध्यांच्या जागा अशा योजतात की ताणलेली चेन त्याच क्षणी मागच्या भागाला दबू न देण्याचा प्रयत्न करते. हॉर्स्ट लाइटनर या मूळच्या ऑस्ट्रियन तंत्रज्ञाने मागच्या चाकाच्या आसापुढे, खालच्या दांड्यावर एक सांधा ठेवण्याची जी रचना केली, ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्या सांध्यामुळे चेनची ओढ आणि ब्रेकची ओढ या दोन्हींचा सस्पेन्शनवर होणारा परिणाम आवाक्यात ठेवता येतो. माझा सांगाडा याच जातीचा.

मापांचा घोटाळा

जुळणीस बसलो आणि पहिल्याच दिवशी मापांनी आमची परीक्षा पाहिली. चाक '२७.५ इंची' होते. मामा म्हणाले, "असलं माप मी पस्तीस वर्षांत ऐकलं नाही." पण टायरच्या कडेवर लहान अक्षरांत ५८४ हा आकडा होता. हा रिमवर टायर बसतो तेथील व्यास, मिलिमीटरमध्ये. खरे माप हेच; इंचाचे आकडे फसवे असतात. आपल्या काळ्या सायकलीचे २८ × १½ हे चाक ६३५ चे. जुन्या डोंगरी सायकलीचे २६ इंची चाक ५५९ चे, तर जुन्या पद्धतीचे २६ × १⅜ हे चाक ५९० चे. दोन्ही '२६', पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसणार नाही. आणि गंमत अशी की २६ × १½ हे जे फार जुने माप आहे, ते बरोबर ५८४! म्हणजे आज नवे म्हणून विकले जाणारे २७.५ इंची चाक हे जुनेच माप जाड टायर घालून आलेले आहे. हे कळल्यावर मामांचा चेहरा खुलला. "म्हणजे हे आमच्यातलंच निघालं," असे म्हणून त्यांनी पाना हातात घेतला.

जुळणी

जुळणीचा क्रम थोडक्यात देते. कोणास कधी उपयोग झाला तर आनंदच आहे.

प्रथम सर्व सांधे उघडून बेअरिंगे बोटाने फिरवून पाहिली. दोन खरखरत होती, ती बदलली. नंतर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस जेथे बसतो तो भाग. त्याच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, तसेच डाव्या पायडलचेही. हे नियम मामांच्या दुकानातल्या जुन्यात जुन्या सायकलीलाही लागू होते आणि या नव्या सायकलीलाही होते. हँडलच्या नळीचा प्रकार मात्र निराळा निघाला. आपल्याकडे चिमट्याच्या नळीवर आटे असतात आणि नट आवळून छर्ऱ्यांची हालचाल बेतता येते. येथे आटेच नाहीत. वरच्या टोपीचा बोल्ट हलकेच आवळून आधी बेअरिंगमधला खुळखुळा घालवायचा आणि मगच हँडलच्या दांड्याचे बाजूचे बोल्ट घट्ट करायचे. क्रम उलटा केला तर टोपी कितीही आवळली तरी खुळखुळा जात नाही.

चाकांना बत्तीस-बत्तीस तारा. मामांनी दोन्ही चाकांची आउट काढली. या कामात त्यांचा हात असा बसलेला आहे की तारेवर बोटाने टिचकी मारून, आवाज ऐकून ते ताण सांगतात. बोल्ट आवळण्यासाठी मात्र मी मोजमापाचा पाना उसना आणला होता. अॅल्युमिनियमच्या भागांत हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळला तर आटे जाण्याचा धोका असतो. मामांना ते पटेना. मी म्हटले, "मामा, तुम्ही आधी अंदाजाने आवळा, मग मी मोजते." दहा बोल्टांपैकी सात त्यांनी बरोबर आवळले होते. उरलेले तीन जास्त. त्यानंतर तो पाना त्यांनी स्वतःच वापरला.

ब्रेक तेलाचे, म्हणजे हँडलवरची मूठ दाबली की नळीतले तेल चकतीवर पॅड दाबते. यात दोन पथ्ये. ज्या ब्रेकला खनिज तेल सांगितले आहे त्यात मोटारीचे ब्रेक ऑइल घालावयाचे नाही, आतली रबरे खराब होतात. आणि चकतीला तेलकट बोट लावावयाचे नाही. शिवाय अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे पुढचा ब्रेक डाव्या हाताला होता, आपल्याकडे तो उजव्या हाताला असतो. आम्ही नळ्या अदलाबदल करून तेल पुन्हा भरले. दुसऱ्याच्या सवयीची सायकल आपल्या सवयीची करून घ्यावी लागते, हे तेव्हाच लक्षात यावयास हवे होते. पण ते ब्रेकपुरतेच लक्षात आले.

गियर पुढे एक, मागे दहा. पुढे ३० दाते, मागे ११ पासून ४२ पर्यंत. आपल्या काळ्या सायकलीत पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. या सायकलीच्या सर्वांत हलक्या गियरमध्ये एका फेरीत जेमतेम दीड मीटर. म्हणून ती चढ चढते; तिच्या अंगी काही जादू आहे म्हणून नव्हे.

शेवटी शॉकमध्ये हवा. सांगाड्यावर भावाने चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर आकडा होता, १८०. आम्ही तेवढी भरली. शॉकवर एक लाल बटण होते. त्याच्या एका बाजूस सशाचे चित्र, दुसऱ्या बाजूस कासवाचे. सायकल वेगाने जावी या भोळ्या समजुतीने मी ते पार सशाकडे फिरवून ठेवले. गोष्टीत शेवटी कोण जिंकते हे माहीत असूनही!

पहिली स्वारी

जानेवारीतल्या एका रविवारी यवतेश्वरच्या बाजूच्या डोंगरातली गुरांची वाट मी धरली. चढ ठीक गेला. उतारावर मात्र सायकल हाताखाली दगडासारखी ताठ लागत होती. महागड्या वस्तूबद्दल शंका घेऊ नये अशी आपली एक सवय असते. मी स्वतःलाच दोष देत राहिले. पुढे काळ्या दगडाची हातभर उंचीची पायरी आली. पुढचे चाक नीट उतरले. मागचे चाक उतरले, शॉक दबला, आणि पुढच्याच क्षणी सीटने मला मागून अशी लाथ मारली की मी हँडलवरून पलीकडे गेले.

मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. वडील फारसे रागावले नाहीत, पण म्हणाले, "हात बरा झाला की ती विकून टाकायची." मला खरे दुःख झाले ते मामांचे. ते भेटावयास आले आणि दारातच उभे राहिले. "पस्तीस वर्षांत माझ्या हातची सायकल कुणाला पाडली नव्हती," एवढेच म्हणाले. नंतर कळले की ते सांधा न् सांधा तपासत दोन रात्री दुकानात बसले होते. त्यांना दोष सापडला नाही, कारण जुळणीत दोष नव्हताच.

एस.टी.तला धडा

दोष काय तो मला सापडला एस.टी.च्या मागच्या बाकावर. प्लास्टर तपासून घेऊन मी दुपारच्या गाडीने आत्याकडे वाईला निघाले होते. गाडीत मोजून सहा प्रवासी. रिकामी एस.टी. खड्ड्यात कशी उडते ते वाचकांना सांगावयास नको. तीच गाडी सकाळी गच्च भरलेली असताना त्याच खड्ड्यांवरून किती शांतपणे जाते! पाटे तेच, रस्ता तोच, चालकही तोच. फरक वजनाचा. गाडीचे पाटे भरलेल्या गाडीच्या वजनासाठी असतात. हलक्या गाडीला ते दबूच देत नाहीत, आणि जेवढे दबतात तेवढे उसळून परत देतात.

घरी येताच मी भावाला फोन केला. "दादा, तुझं वजन किती?" तो म्हणाला, "चौऱ्याऐंशी. का गं?" माझे वजन चोपन्न! १८० हा आकडा सायकलीचा नव्हताच. तो त्याच्या वजनाचा होता. मी अडीच महिने खपून पै पै जोडून सायकल बांधली आणि शेवटी तीवर दुसऱ्याचे वजन ठेवून निघाले होते.

हात गळ्यात असताना वाचन आणि आकृत्या काढणे एवढेच शक्य होते. त्यातून जे कळले ते असे. सस्पेन्शन हे स्वाराला गादीवर बसल्याचे सुख देण्यासाठी असते, हा पहिला गैरसमज. त्याचे मुख्य काम चाक जमिनीला टेकलेले ठेवणे हे आहे. ब्रेक लागतो, वळण घेता येते, ते टायर जमिनीला टेकलेला असेल तरच. हवेत असलेल्या चाकाला कितीही चांगला ब्रेक लावला तरी उपयोग शून्य. आणि चाक टेकलेले राहण्यासाठी ते दगडावर वर जावयास जसे मोकळे हवे, तसेच खड्ड्यात खाली जावयासही मोकळे हवे. म्हणून स्वार नुसता बसल्यावरच शॉक काही अंशी दबलेला असला पाहिजे. या दबण्याला इंग्रजीत 'सॅग' म्हणतात. आपण त्याला 'बैठक' म्हणू. मागच्या शॉकची बैठक एकूण चालीच्या पाव ते तीस टक्के असावी, चिमट्याची त्याहून थोडी कमी, असा सर्वसाधारण नियम आहे.

ती मोजण्याची रीत सोपी आहे. शॉकच्या दांड्यावर रबरी कडे असते. ते तळाशी सरकवावे, नेहमीच्या कपड्यांत व पाठपिशवीसह हळूच सायकलीवर बसावे, हळूच उतरावे आणि कडे किती सरकले ते पट्टीने मोजावे. मामांनी सायकल धरली, मी एका हाताने बसले. कडे आठ मिलिमीटर सरकले. ५० च्या तीस टक्के म्हणजे १५ हवे होते. हवा थोडी थोडी सोडत गेलो. १५ मिलिमीटर आले तेव्हा काटा ११५ वर होता. ५४ ला ८४ ने भागून १८० ने गुणले तर सुमारे ११६ येतात. गणिताचा एवढा आनंद मला दहावीतही झाला नव्हता.

मग ससा आणि कासव. हे बटण वेगाचे नसून दबलेला शॉक किती झपाट्याने परत यावा याचे आहे. फार झपाट्याने आला तर तो स्वाराला फेकतो. माझे तेच झाले होते. फार सावकाश आला तर एकामागून एक दगड आले असता शॉक दबलेलाच राहतो आणि शेवटी त्यात काही चालच उरत नाही. म्हणजे येथे ससाही जिंकत नाही आणि कासवही नाही. दुकानाच्या पायरीवरून बसल्या बसल्या सायकल खाली सोडावयाची. ती दबून एकदा वर यावी आणि थांबावी, दुसरी उसळी येऊ नये. आठ खटक्यांपैकी सशापासून तिसऱ्या खटक्यावर ते जमले. टायरमध्येही मामांनी सवयीने ५० ची हवा ठासून भरली होती; ती २६ वर आणली.

मामा पायरीवर बसून हे सारे पाहत होते. म्हणाले, "म्हणजे सायकल बरोबर होती. आपण तिला विचारलंच नव्हतं, बसणार कोण ते."

दुसरी स्वारी

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. त्यानंतर महिनाभर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले. वडिलांकडून एका स्वारीची परवानगी मिळाली, ती मामांनी शब्द टाकला म्हणून. अट एकच, मामा सोबत हवेत. तेव्हा मामा आपल्या काळ्या सायकलीवरून डांबरी रस्त्याने वरपर्यंत आले आणि त्या दगडी पायरीच्या खाली जाऊन उभे राहिले.

सत्य सांगावयाचे तर मला भीती वाटली. सायकलीतला दोष काढला म्हणून मनातली भीती जात नाही. तिला शॉक नसतो. मी पहिल्यांदा पायरीपाशी थांबले आणि उतरले. दुसऱ्यांदाही. मामा काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा मी सीटवरून उठून पायडल समपातळीत धरली, गुडघे-कोपर सैल सोडले, नजर पायरीवर न ठेवता तिच्या पुढच्या वाटेवर ठेवली आणि पुढचा ब्रेक पायरीच्या आधीच सोडला. पुढचे चाक उतरले. मागचे उतरले. शॉक दबला, वर आला आणि थांबला. चाकाने जमीन सोडली नाही. इतकेच घडले. सांगण्यासारखे काही घडले नाही हेच त्या दिवसाचे यश होय.

वाट कोणाची?

भूगोलाची विद्यार्थिनी या नात्याने एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख पुरा करणे बरे नाही. ही सायकल कोठेही जाऊ शकते, म्हणून तिने कोठेही जावे असे नाही. हिच्या जन्मस्थानी, मरीनमध्येच, पायी चालणारे आणि सायकलस्वार यांचे तंटे झाले. आज माउंट टॅमलपाइसच्या अनेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद आहेत आणि रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आहे. आपल्या उशाशी कासचे पठार आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत ते एक. तेथे जांभ्या दगडावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरच आहे, आणि त्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरती उगवणारी ती सारी फुले आहेत. ओल्या दिवसांत तेथे फिरलेल्या एका चाकाची चाकोरी पुढच्या पावसाचे पाणी आणखी खोल करते. तेव्हा पठारावर चाक घालावयाचे नाही. डांबरी रस्ता आणि गुरांच्या रुळलेल्या वाटा आपल्याला पुष्कळ आहेत. समोरून गुराखी किंवा मोळीवाली बाई आली की उतरून बाजूस उभे राहावे. वाट त्यांची आहे, आपण पाहुणे.

समारोप

आपल्या मापाची सायकल बांधणे म्हणजे महागडे भाग आणून जोडणे, अशी माझी सुरुवातीची समजूत होती. आता असे वाटते की भाग कोणाचेही चालतात. सांगाडा भावाचा, चाके पुण्यातल्या कोणा अनोळखी माणसाची, हात मामांचे. पण वजन मात्र आपलेच धरावे लागते, आणि ते आधी मोजावे लागते. मोठ्यांचे आकडे, अनुभवींचे आकडे आपण आदराने जसेच्या तसे उचलतो. आदर ठेवावा, पण बसण्यापूर्वी आपली बैठक आपण तपासावी.

सायकल विकण्याचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. मामांच्या दुकानात मात्र एक बदल झाला आहे. हवा भरावयास कोणी आले की ते पंप हातात घेण्यापूर्वी विचारतात, "बसणार कोण? वजन किती?" गिऱ्हाइके हसतात. मामा हसत नाहीत. ते उत्तराची वाट पाहतात आणि मगच हवा भरतात.

(तृतीय वर्ष कला, भूगोल)